वॉरिकचं सेंट मेरी चर्च: टॉर्च न्या आणि गुडघ्यांची तयारी ठेवा

इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला लेकीकडे तीन महिने होतो, तेव्हा वॉरिकला दोनदा गेलो. पहिल्यांदा सगळे जातात तसा किल्ल्यासाठी, दुसऱ्यांदा फक्त या चर्चसाठी. दोन्हींत चालत दहा मिनिटांचं अंतर. किल्ल्यावर जत्रा होती. इथे आम्हाला धरून सहा माणसं.

मी निवृत्त तलाठी. उभी हयात वारस नोंदीत गेली, तेव्हा माझं परीक्षणही तसंच असणार. काचेवर आणि कमानींवर जाणकार लिहितील.

आत शिरल्यावर जो मोठा भाग दिसतो तो १६९४ च्या आगीनंतर बांधलेला. तिथे रेंगाळू नका. उजवीकडे पायऱ्या उतरून बीचम चॅपलमध्ये जा. (इंग्रजी स्पेलिंग वाचून मी 'बोशांप' म्हणालो, लेकीने डोळे वटारले.) मधोमध कबरीवर रिचर्ड बीचम, वॉरिकचा तेरावा अर्ल, म्हणजे बडा जहागीरदार. जन्म १३८२, मृत्यू १४३९ मध्ये फ्रान्सच्या रूआँ शहरात. जेरुसलेमची यात्रा केलेला, लहानग्या सहाव्या हेन्री राजाला वळण लावायला नेमलेला. फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्कचा खटला रूआँला चालला तेव्हा तिथल्या गढीची जबाबदारी याच्याकडेच होती. मूर्ती धातूची, सोन्याचा मुलामा दिलेली. चिलखताचा एकेक पट्टा, एकेक बक्कल घडवलंय, पाठीच्या बाजूलासुद्धा, जिथे कुणाची नजर पोचणार नाही. पायाशी अस्वल. हात मात्र जोडलेले नाहीत, थोडे विलग आहेत आणि नजर छतावरच्या मेरीकडे. पंढरपुरात रांगेतून अचानक विठोबा समोर आला की हात जोडायचेच राहतात ना, तसे.

पण माझा जीव अडकला तो खालच्या चौथऱ्यात. चारही बाजूंनी चौदा छोटी माणसं दुखवट्याला उभी आहेत, सात पुरुष, सात बायका. प्रत्येकाच्या खाली घराण्याची ढाल, त्यावरून ओळख पटते. तिथल्या स्वयंसेवक आजींनी नावांचा कागद हातात दिला आणि मी चक्क फरशीवर बसकण मारली. लेक म्हणाली, "बाबा, उठा, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत, फेरफार तपासतोय.

अर्लच्या पहिल्या बायकोला तीन मुली, दुसरीला एक मुलगा हेन्री आणि एक मुलगी ॲन. दुसरी बायको इझाबेल ही त्याच्या चुलत घराण्यातल्या भावाची विधवा, आणि त्या भावाचंही नाव रिचर्ड बीचमच! आमच्या कार्यालयात असं प्रकरण आलं असतं तर मी आधार कार्डं मागवली असती. हेन्री आणि ॲनची लग्नं नेव्हिल घराण्यातल्या सेसिली आणि रिचर्ड या बहीणभावाशी, सरळ साटंलोटं. चौथऱ्यावर व्याही आहेत, विहीण आहे, चारही जावई आहेत: टॅल्बट, सॉमरसेट, लॅटिमर आणि हा रिचर्ड नेव्हिल. लॉर्ड लॅटिमर हा रिचर्ड नेव्हिलचा काका आणि साडूही. अर्लच्या दोन्ही बायका मात्र नाहीत. इझाबेल तर ट्यूक्सबरीला पुरलेली आहे, माहेरच्या घराण्याच्या गावी.

आता त्या सात पुरुषांचं पुढे काय झालं ते कागदाशी ताडून पाहा. हेन्री एकविसाव्या वर्षी गेला, लॅटिमर भ्रमिष्ट झाला. उरलेले पाचही लढाईपायी गेले. टॅल्बट १४५३ मध्ये फ्रान्समध्ये पडला. सॉमरसेटला १४५५ मध्ये इंग्लंडातल्या यादवीत सेंट ऑल्बन्सला मारलं आणि मारणाऱ्या पक्षात त्याचाच साडू नेव्हिल होता. या दोघांत आधीपासून सासऱ्याच्या घरच्या जमिनीवरून धुमसत होतंच. बकिंगहॅम, म्हणजे नेव्हिलचे आतोबा, १४६० मध्ये नॉर्दम्प्टनला गेले, समोर भाच्याचं सैन्य. त्याच वर्षअखेर व्याही सॉल्झबरीचं, म्हणजे नेव्हिलच्या वडिलांचं, डोकं उडवलं. आणि खुद्द नेव्हिल, ज्याला पुढे 'किंगमेकर' म्हणाले, १४७१ मध्ये बार्नेटला. चौथऱ्यावर मात्र सगळे एकत्र, खाली मान घालून.

हेन्रीमागे त्याची पाच वर्षांची मुलगीही १४४९ मध्ये वारली. मग सावत्र बहिणींची हरकत आली, पण ॲन सख्खी म्हणून तिची सरशी झाली आणि वॉरिकची अर्लगिरी तिच्या नवऱ्याकडे गेली. नवरा पडल्यावर तिच्या जावयांनी, दोघे राजाचे भाऊ, इस्टेट वाटून घ्यायची ठरवली. अडचण एकच, बाई जिवंत. १४७४ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला: ती नैसर्गिकरीत्या मेली आहे असं समजून वाटणी करावी. जिवंत माणूस कागदोपत्री मयत दाखवल्याची प्रकरणं मी नोकरीत निस्तरली आहेत, पण पार्लमेंटच्या शिक्क्याने? बाई १४९२ पर्यंत जगली. दोन्ही मुली तिच्या आधी गेल्या, त्यातली धाकटी तिसऱ्या रिचर्डची राणी होती. चौथऱ्यावर या ॲनची मूर्ती शोधा. मी तिच्यासमोरच सगळ्यात जास्त वेळ बसलो.

सोयीचं सांगायचं तर चॅपल थंड आहे, स्वेटर असू द्या. मूर्ती कमरेच्या खाली, त्यामुळे वाकावं लागतं. मोबाइलचा टॉर्च आजींना विचारून मगच लावा. त्याच चॅपलमध्ये एलिझाबेथ राणीचा लाडका रॉबर्ट डडलीही बायकोसह आहे, त्याच्याकडे बघायला मला वेळ उरला नाही.

साडेचार तारे. अर्धा अर्लचा कापला, वारसांची नीट सोय न लावता गेल्याबद्दल. मला उठवायला लेकीला हात द्यावा लागला, त्याबद्दल तिला पूर्ण पाच.