विमान-अंतराचा कॅल्क्युलेटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन विमानतळ टाकले की अंतर आणि वेळ सांगणारा हा कॅल्क्युलेटर. नाशिकहून परदेशी जाणाऱ्यांची आखणी करताना आठ महिने रोज वापरात आहे. अंतर चोख मिळतं. तासांचा आकडा मात्र पडताळल्याशिवाय कुणाला सांगू नये.

अंतर धरलं जातं ते गोलावरचं सर्वांत जवळचं. पृथ्वीगोलावर मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा घट्ट ताणून बघा. तो उत्तरेला सायबेरियावरून ७६ अंश अक्षांशाच्याही वर चढतो आणि मग पलीकडे उतरतो. हे सुमारे १३,५०० किलोमीटर. विमान त्याच दोऱ्यावरून जाईल असं नाही. वाटेत तिबेटचं पठार आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथली जमीनच त्याहून उंच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर भारतीय विमानांना पश्चिमेकडे जाताना वळसा पडला, कॅल्क्युलेटरचा आकडा तोच राहिला.

वेळेचा हिशेब तर फारच ढोबळ. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, भागिले ८००, वर चढ-उताराचा अर्धा तास, झाले साडेनऊ. जाता-येता उत्तर एकच, आणि गफलत इथेच होते. तीस-चाळीस हजार फुटांवरचा जोरदार वारा पश्चिमेकडून येतो. लंडनला जाताना तो तोंडावर, परतताना पाठीशी. फरक तासाभराचा पडतो. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून नेलं, तेव्हा अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, तरी वाऱ्याच्या जोरावर ते साडेचौदा तासांत पोहोचलं.

म्हणून तास वेळापत्रकातून काढा. मुंबईहून दुपारी २ ला सुटून लंडनला संध्याकाळी ६:३० ला उतरणारं विमान हिवाळ्यात १० तासांचं, कारण घड्याळात साडेपाच तासांचा फरक. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचारच. तेव्हा याच वेळा ९ तासांच्या होतात.

एकक किलोमीटरच ठेवा. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा १.६०९ चा, घोळ हमखास होतो.

नाशिकसाठी ओझर विमानतळाचा कोड आयएसके. घाईत आयएसटी टाकलं तर इस्तंबूल येतं. शिवाय नाशिक–लंडन टाकलं की थेट विमान असल्यासारखं उत्तर मिळतं. टप्पे वेगळे मोजा: ओझर–दिल्ली सुमारे ९९०, दिल्ली–लंडन सुमारे ६,७००. मुंबई–लंडन उड्डाणापेक्षा जेमतेम ५०० किलोमीटर जास्त, पण दिल्लीतला थांबा धरायला विसरू नका. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान पुन्हा जमा करावं लागतं.

मुंबईहून जाणार असाल तर नाशिकच्या द्वारका चौकापासून ४ तास धरा. समृद्धीने इगतपुरी–आमणे झटपट होतं, गाडी अडकते ती भिवंडी-ठाण्यात. विमानतळावर ३ तास आधी. रात्री २ चं विमान असेल तर संध्याकाळी ७ ला नाशिक सोडा, शुक्रवार असेल तर ६ ला.