सिंपल पेंडुलम किट: पाच-सहा महिने वापरून झाल्यावर

मुलीच्या फिजिक्ससाठी घेतलं होतं, पण आता तिच्याइतकंच मीही वापरतोय म्हणून सविस्तर लिहितोय. स्टँड, सारख्याच आकाराचे दोन गोलक (एक लोखंडी, एक लाकडी), दोरा आणि मागे कोन मोजायची चकती, एवढंच सामान.

सगळ्यात भारी ती चकतीच. पुस्तकात "कोन लहान असेल तर" एवढं एका ओळीत उरकतात, पण लहान म्हणजे किती आणि का ते इथे डोळ्यांनी दिसतं. गोलकाला मधे परत आणणारा जोर, म्हणजे रिस्टोरिंग फोर्स, वजनाच्या साइन थीटा पट असतो (थीटा म्हणजे दोऱ्याचा उभ्या रेषेशी होणारा कोन). ३० अंशाला वजनाच्या बरोबर निम्मा. मग ६० अंशाला पूर्ण वजनाइतका व्हायला पाहिजे ना, तर होतो फक्त ८७ टक्के! कोन दुप्पट झाला पण जोर दुप्पट नाही झाला, म्हणून गोलक परत यायला जास्त वेळ घेतो आणि एसएचएमची (सिंपल हार्मोनिक मोशन) अटच, म्हणजे जोर कोनाच्या प्रमाणातच वाढायला हवा ही, मोडते. १० अंशापर्यंत मात्र हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहतो. १ मीटर लांबीवर २० झोक्यांना (एक झोका म्हणजे जाऊन परत) ४० सेकंदांच्या जरासं वर लागतं, ३० अंशावरून सोडला की साधारण ०.७ सेकंद जास्त, स्टॉपवॉचवर चक्क पकडता येतं हे.

मोजणी टोकापासून करू नका, मधून जाताना सुरू करा, कारण तिथे वेग सगळ्यात जास्त असतो आणि टोकाला गोलक नक्की कधी वळला तेच कळत नाही.

लाकडी आणि लोखंडी दोन्हींना वेळ सारखाच लागतो (वजन वाढलं की ओढणारा जोरही तेवढाच वाढतो), फक्त लाकडी हवेमुळे लवकर थंडावतो.

आता तक्रारी. सोबतचा नायलॉनचा दोरा ताणतो, लांबी १ टक्का वाढली की वेळ अर्धा टक्का वाढलाच, म्हणून शिवणाचा जाड दोरा लावलाय. वर नुसता हूक दिलाय, गाठ तिथे सरकते आणि लांबी कुठून मोजायची हाच प्रश्न पडतो, त्यापेक्षा दोरा फटीत घट्ट धरणारा चिरलेला कॉर्क (बूच) द्यायला हवा होता. स्टँडचा तळ हलका आहे, लोखंडी गोलक मोठ्या कोनातून सोडला की स्टँडच डुलायला लागतो, म्हणून तळावर जाड पुस्तकं ठेवतो. एवढं केल्यावर वेळेचा वर्ग आणि लांबीचा ग्राफ सरळ रेषेत येतो आणि जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) ९.७ ते ९.८ च्या मधे निघतो, घरच्या सामानावर हे मला तरी खूप आहे. लांबी मोजताना तेवढं गोलकाच्या मध्यापर्यंत मोजा.