फेझर-कम्युनिकेटर: फॅनफिल्मसाठी विकत घ्यायचे का घरी बनवायचे?

स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेची फॅनफिल्म, म्हणजे चाहत्यांनी स्वतः केलेली फिल्म, करायची ठरली की पहिलं भांडण कथेवरून होत नाही, प्रॉप्सवरून होतं, म्हणजे फेझर (किरणांचं पिस्तूल), कम्युनिकेटर (झाकण उघडून बोलायचं यंत्र) अशा पात्रांच्या हातातल्या वस्तूंवरून. एक म्हणतो माझ्याकडे लायसन्सवाला कम्युनिकेटर आहे तोच वापरू, दुसरा म्हणतो छे, मी थ्रीडी प्रिंट करून देतो तो जास्त बरोबर असेल, तिसरा म्हणतो अरे कॅमेऱ्यात कोणाला काय कळतंय, आणि मग शूटिंगची तारीख बाजूला राहते आणि रात्री दोन वाजेपर्यंत चर्चा चालते ती कम्युनिकेटरच्या झाकणाच्या पितळी जाळीच्या भोकांवर. हा आढावा त्या ग्रुपमध्ये ज्याला शेवटी खिशात हात घालायचाय त्याच्यासाठी. आणि मी बोलतोय ते १९६६ ते १९६९ च्या मूळ मालिकेबद्दल, कॅप्टन कर्क आणि त्याचा साथीदार स्पॉक यांच्या, कारण फॅनमंडळींचा सगळ्यात जास्त जीव त्याच प्रॉप्सवर आहे.

आधी एक गोष्ट ठरवा, नाहीतर वाद मिटणारच नाही. तुम्हाला मूळ वस्तूसारखं हवंय की पडद्यावर जसं दिसलं तसं हवंय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे कर्कचा नेहमीचा शर्ट. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तो सोनेरी-पिवळा आहे, पण मालिकेचे कपडे डिझाइन करणाऱ्या विल्यम वेअर थाइसनी शिवून घेतलेलं मूळ कापड हिरवट होतं. त्या काळची फिल्म आणि सेटवरचे दिवे यांच्यामुळे ते पडद्यावर सोनेरी दिसलं. आता तुम्ही हुबेहूब मूळ रंगाचं कापड आणून आजच्या डिजिटल कॅमेऱ्यासमोर उभे राहिलात तर हिरवेच दिसणार, आणि कमेंटमध्ये लोक म्हणणार रंग चुकला. चूक तशी कोणाचीच नाही, पण शिव्या तुम्हालाच.

प्रॉप्सचंही तेच. मूळ मालिकेचे कम्युनिकेटर बनवले वा मिंग चांग यांनी. ट्रायकॉर्डर, म्हणजे खांद्याला लटकवायचं तपासणीचं यंत्र, तोही त्यांचाच आणि हातात धरायच्या फेझरचं कामही त्यांच्याकडेच गेलं. ते स्टुडिओचे नोकर नव्हते, बाहेरून काम करणारे शिल्पकार होते, त्यामुळे प्रॉपवाल्यांच्या युनियनशी तेव्हा वादसुद्धा झाला. म्हणजे आज ज्याला आपण देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपतो तो मालसुद्धा एका माणसाने आपल्या वर्कशॉपमध्ये हाताने केलेला. कम्युनिकेटर दहा केले आणि त्यातले दोनच 'हीरो', म्हणजे जवळच्या शॉटसाठी, ज्यात ते गोल गोल फिरणारं मोआरे (रेघांवर रेघा पडून लहरींसारखं दिसणारं) डिझाइन खरंच फिरायचं. ते फिरवायला आत स्टॉपवॉचचं यंत्र बसवलेलं होतं, चावीवालं. बाकीचे आठ नुसते कमरेला लावायला, हातात धरायला, पडायला. फेझरचंही तसंच, जवळून दाखवायचे वेगळे आणि मारामारीत आपटायचे वेगळे.

हे एकदा लक्षात घेतलं की पुढचा निम्मा वाद आपोआप संपतो. खुद्द मूळ मालिकेनेच प्रत्येक पात्राच्या हातात एक नंबरचा प्रॉप दिला नव्हता, मग तुमच्या पंधरा मिनिटांच्या फिल्मला सहाच्या सहा फेझर हीरो दर्जाचे कशाला पाहिजेत?

आता फॅनमंडळी उदाहरणं कुठली देतात बघा. दोन नावं कायम येतात. एक न्यू व्हॉयेजेस ही फॅन-मालिका, नंतर त्याचंच नाव फेज टू झालं. जेम्स कॉली नावाच्या एल्व्हिसची नक्कल करून पोट भरणाऱ्या माणसाने न्यूयॉर्क राज्यात सुरू केली, पहिला भाग २००४ साली आला. कॉलीला सेटचे मूळ आराखडे थाइसकडूनच मिळाले होते, आणि त्यावरून त्यांनी मालिकेतल्या एंटरप्राइज या अंतराळजहाजाचे सेट उभे केले. पुढे ते टायकॉन्डरोगा गावात २०१६ पासून अधिकृत परवान्याने लोकांना बघायला खुले झाले. मूळ मालिकेतले नट जॉर्ज टाकेई आणि वॉल्टर केनिग यांनी त्यात स्वतः काम केलंय, आणि टाकेईंच्या भागाला तर सायन्स फिक्शनच्या ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालं. दुसरी स्टार ट्रेक कंटिन्यूज, जॉर्जिया राज्यातल्या किंग्सलँडमध्ये शूट झालेली, २०१३ ते २०१७ मध्ये अकरा भाग. त्यात स्कॉटीचं, म्हणजे जहाजाच्या इंजिनिअरचं, काम मूळ मालिकेतला स्कॉटी जेम्स डूहान यांच्याच मुलाने केलं.

दोन्हीकडे सेट आणि प्रॉप्सवर जीव ओतलाय, यात वाद नाही. पण माझ्या डोळ्यांना कंटिन्यूज जास्त 'खरी' वाटते आणि त्याचं कारण प्रॉप नाहीच. त्यांनी जुन्या टीव्हीसारखी चार-बाय-तीनची चौकट ठेवली, मागच्या भिंतीवर जांभळा-हिरवा रंगीत प्रकाश टाकला, चेहऱ्यावर तसाच कडक लाइट, क्लोजअपमध्ये डोळ्यांवर प्रकाशाचा पट्टा. अशा प्रकाशात साधा कम्युनिकेटरसुद्धा पन्नास वर्षं जुना वाटतो. आणि उलटही होतं, म्हणजे दीडशे डॉलरचा रेप्लिका (हुबेहूब प्रत) घ्या आणि ट्यूबलाइटखाली फोनवर शूट करा, खेळणंच दिसणार. म्हणून बजेट करताना रंगीत जेल (दिव्यावर लावायचा पारदर्शक रंगीत कागद) आणि दोन बरे लाइट हे प्रॉपच्या आधी लिहा, हे मी कोणालाही सांगेन, कोणी विचारलं नाही तरी.

नियमांचं पण बघायला लागेल. ॲक्सनार नावाच्या फॅनफिल्मने लोकांकडून दहा लाख डॉलरच्या वर गोळा केले, मग डिसेंबर २०१५ मध्ये स्टार ट्रेकचे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट कंपन्यांनी कोर्टात खेचलं, जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली, आणि मधल्या मध्ये जून २०१६ मध्ये सगळ्या फॅनफिल्मसाठी नियमावली आली. एक फिल्म पंधरा मिनिटांची, किंवा दोन भागांत मिळून तीस, पुढचे एपिसोड-सीझन काही नाही. म्हणजे कंटिन्यूजसारखी अख्खी मालिका आज सुरूच करता येत नाही, हे मनाशी पक्कं करा. लोकवर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. आणि प्रॉप्सचा मुद्दा असा की जी वस्तू बाजारात अधिकृत मिळते ती बाजारातून घेऊन वापरणार असाल तर अधिकृतच पाहिजे, नकली किंवा बूटलेग माल चालणार नाही. यावर खूप बोंबाबोंब झाली, की मग आम्ही घरी शिवलेल्या कपड्यांचं काय. तेव्हा सीबीएसच्या बाजूने खुलासा आला की स्वतः बनवलेलं चालेल, आक्षेप बूटलेग मालावर आहे. म्हणून कुठल्यातरी साइटवर स्वस्तात मिळणारे बिननावाचे फेझर हा पर्याय मी तुलनेत घेतच नाही. शिवाय वर्गणी देणाऱ्यांना बक्षीस म्हणून विनापरवाना प्रॉप वाटता येत नाहीत, ती आयडिया असेल तर आत्ताच सोडा.

मग राहिले तीन रस्ते.

पहिला, महाग लायसन्सवाला रेप्लिका. यात नाव येतं इंग्लंडच्या वाँड कंपनीचं. त्यांचा फेझर म्हणजे खरं तर टीव्हीचा रिमोट आणि कम्युनिकेटर म्हणजे ब्लूटूथ हँडसेट, दोन्ही बाजारात आले तेव्हा दीडशे डॉलरच्या आसपास. दोन्ही मूळ हीरो प्रॉपच्या थ्रीडी लेझर स्कॅनवरून केलेत, त्यामुळे मापाबद्दल कोणी तोंड उघडू शकत नाही. धातूचे भाग धातूचेच आहेत, हातात वजन लागतं, आणि वजनाचा फायदा ॲक्टरला होतो, हलकं प्लॅस्टिक धरलेला माणूस नकळत ते हलवत राहतो आणि ते कॅमेऱ्यात लगेच दिसतं. तोटा काय, तर दीडशे डॉलरची वस्तू कोणी जमिनीवर फेकू देत नाही. सीनमध्ये क्लिंगॉन, म्हणजे मालिकेतला परग्रहावरचा शत्रू, कर्कच्या हातावर लाथ मारतो आणि मालक कॅमेऱ्यामागून ओरडतो, जपून! शिवाय भारतात मागवायचं तर शिपिंग आणि कस्टम वेगळं, ऑर्डर करण्याआधी तो हिशोब करा नाहीतर दारात आलेल्या कुरियरवाल्याशी हुज्जत घालत बसाल.

दुसरा, लायसन्सवालं खेळणं. आर्ट असायलम, मग डायमंड सिलेक्ट या कंपन्यांनी काढलेले फेझर-कम्युनिकेटर-ट्रायकॉर्डर फॅनफिल्मवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरलेत. अधिकृत असल्यामुळे नियमात बसतात, लांबून ओळखू येतात, एक तुटलं तर डोळ्यात पाणी येत नाही. जोडाच्या रेघा, स्क्रूची भोकं आणि ते चकचकीत प्लॅस्टिक हा प्रॉब्लेम, पण स्क्रूची भोकं बुजवून, पॉलिश पेपर मारून मॅट रंग दिला की मिड-शॉटला मस्त चालतात. आतला आवाज मात्र बंद करा, बॅटरीच काढा. मूळ मालिकेत तो चिरचिर आवाज नंतर साउंडवाल्यांनी घातलेला, सेटवर वाजायला लागला तर तुमचे डायलॉग खराब. जुनं एएमटी कंपनीचं १९७४ चं जोडून बनवायचं किट कोणी प्रेमाने देऊ केलं तर शोकेसमध्ये ठेवा, मूळ मापापेक्षा लहान आहे ते, मोठ्या माणसाच्या हातात लगेच कळतं.

तिसरा, स्वतः बनवणं. मी याच्या बाजूचा आहे, पण फुकट पडतं या समजुतीने कोणी यात पडू नये. प्रिंटरमधून फेझर निघतो तेव्हा काम संपत नाही, सुरू होतं. थरांच्या रेघा घासा, लांबी (पुट्टी) भरा, परत घासा, प्रायमर, परत बघा तर रेघ आहेच, आणि कोपऱ्यांत पेपर पोचत नाही. एक चांगला झाला की त्याचा सिलिकॉनचा साचा करायचा आणि रेझिनच्या किंवा रबराच्या प्रती काढायच्या, इथे खरा फायदा, कारण रबराचे चार फेझर हाताशी असले की मारामारीचा सीन बिनधास्त करता येतो. साचा मात्र स्वतःच्या मालाचाच करा. दुसऱ्याने मेहनतीने केलेली प्रत विकत घेऊन तिचा साचा काढणं, ज्याला सगळे रीकास्टिंग म्हणतात, ते या मंडळींत अत्यंत हलकं काम समजलं जातं, आणि एकदा नाव खराब झालं की मदत मागायला तोंड राहत नाही. धातूचे भाग, म्हणजे फेझरचं नळकांडं किंवा नॉब, प्लॅस्टिकवर चंदेरी स्प्रे मारून कधीच पटत नाहीत. ते ॲल्युमिनियमचेच लेथवर काढून घ्या. पुण्यातले असाल तर भोसरीत, नाशिकचे असाल तर अंबडला छोटे वर्कशॉपवाले ड्रॉइंग दाखवलं की करून देतात, नर्लिंगसकट, म्हणजे पकडीसाठीच्या खरखरीत जाळीदार खाचांसकट. फक्त हे शोभेचं आहे, पिक्चरसाठी आहे हे आधीच सांगा, फेझर पिस्तुलासारखाच दिसतो.

ट्रायकॉर्डर? शक्यतो सीनमधूनच काढा. बिजागऱ्या, झाकण, छोटा पडदा, खांद्याचा पट्टा, सगळंच कटकटीचं आणि स्पॉकच्या खांद्यावर लटकलेला असला तर तो उघडलेला दाखवायची गरज नसते. बंद डबा बनवणं कोणालाही जमतं.

डॉक्टर मॅकॉयच्या उपकरणांची मात्र गंमत आहे. मूळ मालिकेत एका भागासाठी मिठाच्या फॅन्सी डब्या, सॉल्टशेकर हो, आणल्या होत्या, पण त्या इतक्या अजब दिसत होत्या की प्रेक्षकाला मीठदाणी कळणारच नाही म्हणून बाजूला ठेवल्या आणि मग त्याच डॉक्टरच्या हातात ऑपरेशनची यंत्रं म्हणून आल्या. आज फॅन लोक नेमकी तीच डिझाइनची सॉल्टशेकर जुन्या बाजारात शोधत फिरतात. वेळ असेल तर शोधा, मजा आहे त्यात. नसेल तर तुमच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात विचित्र दिसणारी स्टीलची वस्तू उचला, मूळ प्रॉपवाल्यांनीही तेच केलं होतं आणि त्यामुळे तत्त्वाने ती जास्त ऑथेंटिक आहे असं मी तर भांडून सांगेन.

पैसे कमी असतील तर माझा हिशोब असा. स्क्रिप्ट घ्या, पेन्सिलने फक्त ते शॉट मोजा जिथे प्रॉप चेहऱ्याएवढा मोठा दिसणार आहे. बहुतेक वेळा तो कम्युनिकेटरच निघतो, कारण तो उघडायचा असतो, मनगटाच्या झटक्याने, आणि तो झटका नीट बसला नाही तर सीन हास्यास्पद होतो. म्हणून पैसे कम्युनिकेटरवर घाला, एकच, स्कॅनवरून केलेला अधिकृत, आणि ज्याचा क्लोजअप असेल त्याच्या हातात तोच फिरवा. फेझर घरी बनवा, एक नीट आणि बाकीचे रबराचे. मागे उभ्या असलेल्या लाल शर्टवाल्यांना खेळणी द्या, तसेही या मालिकेच्या रीतीप्रमाणे लाल शर्टवाले दुसऱ्या मिनिटाला मरणार आहेत. पण तुमच्या कथेत कोणी फेझर उघडून त्यातला छोटा फेझर बाहेर काढतो असा शॉट असेल तर गणित उलटं होतं. तो छोटा फेझर मोठ्यात अचूक बसायला हवा, घरच्या प्रिंटमध्ये रंगाचा एक थर जास्त झाला तरी अडकतो. तेव्हा फेझर विकत घ्या आणि कम्युनिकेटर खेळण्यावर भागवा. दोन्ही शॉट असतील तर एक शॉट काढून टाकायला लेखकाला सांगा, तो चिडेल, पण दीडशे डॉलर वाचतील.