मोशीत सहा आठवडे : एजन्सीला 5 पैकी 3

डेक्कनजवळच्या एका एजन्सीमार्फत जून-जुलैत टांझानियातल्या मोशीला जाऊन आले. सकाळी प्राथमिक शाळेत स्वयंसेवा, दुपारी स्वाहिलीचा वर्ग, राहायला एका कुटुंबात. नाव लिहीत नाही. चौकशी करताना तुम्हीच ओळखाल.

आधी रडगाणं. निघण्यापूर्वीच्या दोन तासांच्या बैठकीत डास, पाणी आणि पाकीटमार यांवर भरपूर ऐकलं. नैरोबीमार्गे जायचं म्हणून पिवळ्या तापाची लस घ्या, हे मात्र बारा दिवस राहिले असताना सांगितलं. लस घेतल्यावर दाखला लागू व्हायलाच 10 दिवस लागतात! व्हिसाचंही तेच. 'टुरिस्टवर सगळे जातात,' म्हणाले. तिथे स्वयंसेवेला वेगळा परवाना लागतो, हे मी दाखवल्यावर मग कागद हलले, आणि फी अर्थातच वेगळी. सामानाच्या यादीत 'उन्हाळी कपडे' होतं. मोशी किलिमांजारोच्या पायथ्याशी आहे, जुलैत पहाटे पुण्याच्या नोव्हेंबरसारखं गार. मी स्वेटर तिथल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात घेतला.

राहण्याची सोय मात्र उत्तम. घरातल्या बाईंना सगळे 'मामा' म्हणतात, कारण स्वाहिलीत मामा म्हणजे आई. काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे ताई. पहिल्या दिवशी शाळेतली मुलं मला 'दादा, दादा' म्हणत मागे लागली, तेव्हा मी वळून कोण मुलगा आलाय ते बघत होते. आईला फोनवर 'मामांनी उगाली केली' म्हटलं, तर ती म्हणाली, 'कुठला मामा गं तुला तिथे?' (उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आमटीशिवाय मला जाईना. चपाती मात्र मिळते, तीही चपाती याच नावाने, पदर सुटलेली. सोबत कचुंबर, त्याचं नाव काचुंबारी.) वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतात. हे जमलं की गल्लीतली निम्मी माणसं आपली होतात.

दुसऱ्या दिवशीची फजिती सांगते. शाळेतल्या बाईंनी 'सा म्बिली'ला या म्हटलं. सा म्हणजे तास आणि म्बिली म्हणजे दोन, एवढं येत होतं, म्हणून दुपारी दोनला पोचले. लहान वर्ग कधीच सुटले होते. तिकडे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे ती वेळ सकाळी आठची होती. आजीला सांगितलं तर तिला नवल नाही वाटलं, 'आपल्याकडेही घटका उगवतीपासूनच मोजायचे' म्हणाली. बैठकीत हे एक वाक्य सांगितलं असतं तरी चाललं असतं.

आता मुख्य मुद्दा. माहितीपत्रकावर 'मुलांना तुमची गरज आहे' असं छापलंय. मला तसं दिसलं नाही. साठेक मुलांचा वर्ग बाई एकटीने, न ओरडता सांभाळत होत्या. मी वह्या तपासल्या, फळा पुसला आणि एक गाणं शिकवायला गेले. ते मुलांना आधीच पाठ होतं, मागच्या तुकडीने शिकवलेलं. दर सहा आठवड्यांनी नवी 'दादा' येते, याची त्यांना सवय झालीय. सेवेच्या नावाखाली पैसे देऊ नका. स्वाहिलीच्या वर्गासाठी द्या. तिथले शिक्षक पहिल्या आठवड्यातच आम्हाला बाजारात घासाघीस करायला पाठवतात, आणि पैशाला तिकडेही 'पेसा'च म्हणतात.

जाणार असाल तर परवान्याचं लेखी मागा, स्वेटर न्या, आणि कोणी 'सा' अमुक म्हणालं की त्यात सहा मिळवा.