थरच्या वाळवंटात बाइक कधी न्यावी: सगळे ऋतू अंगावर काढल्यानंतरचा अनुभव

राजस्थानला बाइकवर कधी जायचं, या प्रश्नाला आपल्याकडे एकच ठरलेलं उत्तर आहे: डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पोरांच्या शाळेला सुट्टी, ऑफिसात उरलेल्या रजा आणि जैसलमेरला थर्टी फर्स्ट. माझी जोधपूरला बदली झाली तेव्हा माझी बाइक, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, सोबत नेली आणि पुढे वर्षाहून जास्त काळ याच पट्ट्यात चालवली. फलोदी, पोकरण, जैसलमेर, तनोट, बाडमेर, कधी वर बिकानेरपर्यंत. एवढं फिरल्यावर माझं मत असं झालंय की थरसाठी वर्षात दोनच वेळा खऱ्या अर्थाने चांगल्या आहेत: नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी. दोन्हींतला एकच निवडा म्हणालात तर फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारी हा गाडीने जाणाऱ्यांचा सीझन आहे, म्हणजे चारचाकीने जाणाऱ्यांचा.

आता का, ते सांगतो.

जानेवारीत जैसलमेरचं पहाटेचं तापमान सरासरी आठ अंशांच्या आसपास असतं. थंडीची लाट आली की त्याहून बरंच खाली. पुण्यात आपण आठ अंशांत स्वेटर घालून चहाच्या टपरीवर उभे राहतो, तेवढं चालतं. पण पाच अंशांत ताशी ८० ने गाडी हाकली की वाऱ्यामुळे अंगाला ते उणे तीनच्या आसपास जाणवतं. सगळ्यात आधी बोटं जातात. क्लच ओढला की नाही हे कळेनासं होतं, आणि हा गमतीचा भाग नाही. त्यात राजस्थानचं हे टोक इतकं पश्चिमेला आहे की डिसेंबरअखेर सूर्य उगवायलाच साडेसात होतात. अंगात ऊब यायला साडेनऊ-दहा. संध्याकाळी सहाला सूर्य गेला की पुन्हा गारठा. म्हणजे आरामात चालवायला हातात सात-आठ तास उरतात, आणि त्यातच जेवण, फोटो, पंक्चर सगळं बसवायचं.

अंधारात चालवा असं मी कुणालाच सांगणार नाही. हायवे सुरेख आहेत, सरळ आहेत, आणि नेमके त्यामुळेच धोक्याचे आहेत. रात्री डांबराला ऊब असते म्हणून गायी रस्त्यावर येऊन बसतात. उंट तर असा प्राणी की त्याचे पाय हेडलाइटच्या झोतात येतात आणि बाकीचा वरच्या अंधारात राहतो.

धुक्याचं वेगळंच. जैसलमेर-बाडमेरकडे ते फारसं त्रास देत नाही. पण बिकानेरच्या वर, गंगानगर-हनुमानगढकडे, कालव्याच्या पाण्यावरची शेती आहे, जमीन ओली असते, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहापर्यंत समोरचा ट्रक दिसत नाही. बिकानेरमार्गे वर जायचा बेत असेल तर हे दोन महिने टाळाच. आणि ख्रिसमस ते नवीन वर्ष या आठवड्यात जैसलमेरला खोल्यांचे भाव काय होतात ते बुकिंगच्या ॲपवर स्वतः बघा. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूवर तेव्हा उंटांपेक्षा जीप जास्त.

फेब्रुवारीत हेच सगळं सैल होतं. दुपारी २७-२८ अंश, पहाटे दहा-बारा. सूर्यास्त मध्यावर साडेसहाच्या पुढे सरकलेला असतो, म्हणजे नोव्हेंबरच्या मानाने संध्याकाळचा पाऊण तास फुकट मिळतो. जॅकेटचं थर्मल लायनर सकाळी घालायचं, अकराला काढून टँक बॅगमध्ये कोंबायचं, बस. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची: पश्चिमेकडून एखादा हवेचा पट्टा सरकला की दिवसभर ढग, बोचरा वारा आणि थोडा पाऊस होऊ शकतो. इथले शेतकरी या हिवाळी पावसाला मावठ म्हणतात आणि रब्बीसाठी खूश होतात. रायडर नाही होत. तेवढा एक दिवस हाताशी मोकळा ठेवावा.

आणखी एक कारण आहे, ज्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही: वारा.

वाळवंट म्हटलं की सगळे तापमान बघतात, वाऱ्याचा वेग कुणी बघत नाही. हिवाळाभर थरमध्ये वारा मंद असतो, त्यामुळे वाळू जागेवर असते आणि डांबर स्वच्छ. मार्चच्या मध्यापासून नैऋत्येचा वारा जोर धरू लागतो. मे-जूनमध्ये तर तो दिवसभर वाळू ढकलत राहतो. जो रस्ता वाऱ्याला आडवा, त्याच्यावर वाळूचे पट्टे चढतात. रामगढ ते तनोट हा तुकडा त्याचं चांगलं उदाहरण. सकाळी जेसीबीने रस्ता साफ करावा आणि दुपारी परत पट्टा तयार. लांबून तो दिसतही नाही, कारण वाळू आणि उन्हात फिकट पडलेलं डांबर यांचा रंग जवळपास सारखाच. त्याच्यात पुढचा ब्रेक दाबला की चाक गेलंच समजा. आधीच वेग कमी करायचा, फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहायचं, नजर पट्ट्याच्या पलीकडे ठेवायची, हँडल सैल सोडायचं आणि ॲक्सिलरेटर हलका चालू ठेवायचा. माल लादलेली हिमालयन सव्वादोनशे किलोंच्या पुढे जाते. ती एकट्याने वाळूतून उभी करणं हा चाळिशीनंतरचा व्यायाम नव्हे.

मे-जूनच्या दुपारी येते ती आंधी, म्हणजे धुळीचं वादळ. क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली की अर्धा तासही मिळत नाही. स्थानिक लोक अशा वेळी काय करतात ते बघायचं: रस्त्यापासून बरंच आत गाडी लावतात, आडोशाला बसतात, तोंडावर साफा (फेटा) ओढतात. रस्त्याच्या कडेला लाइट चालू ठेवून थांबणं घातक, कारण मागून येणारा ट्रकवाला तो लाइट चालत्या गाडीचा समजून तुमच्या मागे येतो.

उन्हाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बाजारात मिळणाऱ्या सामानाचा खरा कस तिथेच लागतो. माझं जॅकेट जाळीचं आहे. दुकानात ‘खास भारतीय उन्हाळ्यासाठी’ म्हणूनच विकतात. पस्तीस अंशांपर्यंत ते झकास. त्यानंतर गणित उलटतं. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की येणारा वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून देतो. घाम सुटल्याबरोबर उडून जातो, त्यामुळे आपण किती पाणी गमावतोय तेही कळत नाही. ४२ अंशांत जाळीचं जॅकेट घालून दोन तास चालवलं की डोकं दुखायला लागतं आणि लघवी होत नाही. ही उष्माघाताकडे जाणारी वाट आहे. अशा वेळी साधं कापडी जॅकेट, त्याच्या झिपा जवळजवळ बंद आणि आत पाण्यात भिजवलेली कूलिंग व्हेस्ट, हा संच कितीतरी चांगला. थरची हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि व्हेस्ट खरोखर गार ठेवते. मुंबईच्या दमट हवेत तीच व्हेस्ट नुसती ओल्या बनियनसारखी चिकटते, म्हणून आपल्याकडे तिला नावं ठेवतात. तोटा एवढाच की तासाभरात ती कडक वाळते. मग प्रत्येक ढाब्यावर पुन्हा भिजवा. इथली माणसं मे महिन्यात डोक्यापासून पायापर्यंत कपड्यात का असतात, हे एका दुपारीच कळतं.

याच पट्ट्यातल्या फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदले गेले. नोकरीमुळे मे महिन्यात मला तिकडे जावंच लागायचं, भडल्याचा सोलर पार्क त्याच बाजूला. पहाटे सहाच्या आत निघायचं आणि दहाला गाडी सावलीत. यापलीकडे मेमध्ये चालवण्याचा मार्ग नाही. टूर म्हणून तर नकोच.

टायरच्या हवेचंही ऋतूप्रमाणे बदलतं. दहा अंशांच्या फरकाला साधारण दीड पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) धरा. जानेवारीच्या पहाटे भरलेली हवा आणि मेच्या दुपारची हवा यांत बराच फरक पडतो, म्हणून मोजायची ती नेहमी सकाळी, टायर थंड असताना. ट्यूबचे टायर असतील तर पुढची-मागची दोन्ही ट्यूब सोबत हव्यात. वेडी बाभूळ इथे रस्त्याच्या कडेला जिथे तिथे आहे आणि तिचा काटा ऋतू बघत नाही. चेनला चिकट ऑइल लावू नका, वाळू धरून ठेवतं. मेणासारखं कोरडं लूब बरं. एअर फिल्टर मी हिवाळ्यात कंपनीने सांगितलेल्या अंतराने बघायचो, एप्रिलनंतर त्याच्या निम्म्यावर.

पावसाळ्याचं एक आश्चर्य आहे. जैसलमेरला वर्षभरात दोनशे मिलिमीटरही पाऊस धड होत नाही, म्हणजे आपल्या लोणावळ्यात जुलैच्या एखाद्या दिवशी पडतो तेवढा. त्यामुळे वाटतं, त्यात काय. पण तो येतो तेव्हा एकदम येतो. रस्त्यात जिथे जिथे रपट आहे, म्हणजे ओढा डांबरावरूनच जाऊ देतात अशी सखल जागा, तिथे पाणी आणि मागोमाग गाळ. बाडमेरकडे काही भागांत जमिनीखाली जिप्समचा थर आहे, पाणी मुरतच नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये कवास गाव त्यामुळेच बुडालं आणि पाणी आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं. दुसरीकडे, ज्यांना खरोखर वाळूत गाडी घालायची हौस आहे त्यांना पाऊस पडून गेल्यावरचे चार दिवस सोन्यासारखे. ओली वाळू दबून बसते, चाक रुतत नाही, आणि सेवण गवताने टेकड्या चक्क हिरव्या होतात. फोटोंसाठी मला हाच काळ सगळ्यात आवडला. दमटपणा आणि किडे मात्र सोसायचे.

भाद्रपदात पोकरणजवळच्या रामदेवऱ्याची जत्रा असते. शुद्ध द्वितीयेपासून एकादशीपर्यंत. जोधपूर-पोकरण रस्त्यावर त्याच्या आधीपासून पायी यात्रेकरूंची रांग लागते, हातात झेंडे, कडेला भंडारे. आपली आषाढी वारी पाहिलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. थांबून चहा घ्यायला सुंदर, गाडी चालवायला अजिबात नाही. १७ सप्टेंबरच्या सुमारास पाऊस देशात सगळ्यात आधी इथूनच परत फिरतो आणि मग ऑक्टोबरची उष्णता. दसऱ्याची सुट्टी आहे म्हणून निघणाऱ्यांनी दुपारी ३६-३७ अंशांची तयारी ठेवावी.

नोव्हेंबर की फेब्रुवारी, यातला माझा कौल ठरला तो कच्छमुळे. महाराष्ट्रातून एवढ्या लांब आलेला माणूस थर आणि रण एकाच फेरीत करू बघतो, आणि रस्ता तसा सोपा आहे: जैसलमेरहून बाडमेर, तिथून राष्ट्रीय महामार्ग ६८ ने सांचोर, पुढे गुजरात. थोडी वाट वाकडी केली तर गांधवजवळ हायवेवरची ती धावपट्टीही लागते, जिथे २०२१ मध्ये हवाई दलाचं विमान उतरवलं होतं. पण पावसाळ्याचं पाणी मोठ्या रणात बराच काळ साचून राहतं. नोव्हेंबरमध्ये पोहोचलात तर मिठाऐवजी चिखल बघायला मिळण्याची शक्यता जास्त. फेब्रुवारीत कच्छमधल्या खावडा ते धोलावीरा रस्त्यावर दोन्ही बाजूंना पांढरं कोरडं रण असतं, आणि फलोदीजवळच्या खीचन गावी येणारे कुरजां (स्थलांतरित क्रौंच) पक्षीही अजून परत गेलेले नसतात.

फेब्रुवारीतही एक गर्दीचा आठवडा आहे. माघ पौर्णिमेला जैसलमेरचा मरू महोत्सव असतो, त्या तीन-चार दिवसांत खोल्या महागतात. तारीख दरवर्षी सरकते, म्हणून कॅलेंडर बघूनच रजा टाका. परतीचा प्रवास मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे नेऊ नका. पालनपूर सोडलं की अहमदाबाद-सुरत पट्टा तोवर तापायला लागलेला असतो.