‘काकू, लेकीचं करिअर आहे’ म्हणत ३,२९,४०० रुपये लुबाडले

इंग्लंडमध्ये कॅन्सरच्या रुग्णांना आधार देणाऱ्या संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळवून देतो, असं सांगून वाशीच्या एका कन्सल्टन्सीने आमच्याकडून ३,२९,४०० रुपये उकळले. रजिस्ट्रेशन ५,९००. प्लेसमेंट फी ८५,०००. ‘स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट’चे (बोलावणारी संस्था व्हिसासाठी देते ते) १,४२,०००. आणि ‘हेल्थ सरचार्ज’ (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी) ९६,५००. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितेय, कारण जिथे जाऊ तिथे ‘तीनेक लाखच ना?’ असं ऐकून घ्यावं लागतं. त्या तीनेक लाखांत मोडलेली एफडी आहे आणि माझ्या पाटल्यांवरचं गोल्ड लोन आहे. त्याचं व्याज अजून चालू आहे.

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. लेकीचं समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू झालंय. मला ब्रेस्ट कॅन्सर झाला तेव्हा परळला टाटामध्ये तीच माझ्याबरोबर असायची. केमोच्या वॉर्डाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांशी कुणी धड बोलत नाही, हे तिने तिथे पाहिलं आणि पुढे याच कामात जायचं ठरवलं. कन्सल्टन्सीच्या माणसाने पहिल्याच भेटीत हे सगळं आमच्याकडून काढून घेतलं. ‘काकू, तुम्ही स्वतः यातून उठलाय, म्हणजे हिची केस एकदम स्ट्राँग’ म्हणाला आणि माझ्या ट्रीटमेंटच्या फाइलचे फोटो मागितले. मी दिले. माझे रिपोर्ट त्याच्या मोबाइलमध्ये आहेत, हा विचार आला की पैशापेक्षा जास्त संताप होतो. कुठल्याही एजंटला मेडिकल कागद देऊ नका. व्हिसासाठी काही लागलंच तर ते तुम्ही स्वतः अर्जाबरोबर जोडता.

आम्ही चौकशी केली नाही, असं कुणी म्हणू नये. ऑफर लेटरवर संस्थेचा चॅरिटी नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक होता. लेकीने तो इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनच्या रजिस्टरवर टाकून पाहिला. संस्था खरी, नंबर खरा, पत्ताही जुळणारा. यापुढे साध्या माणसाने आणखी काय तपासायचं? चोरांनी खऱ्या संस्थेचं नाव उचललं होतं. फक्त ईमेलच्या पत्त्यात एक जादा शब्द आणि मध्ये छोटी रेघ होती. तेव्हा तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. म्हणून सांगते, रजिस्टरवर दिलेल्या वेबसाइटवरून संस्थेला स्वतः मेल करा. आम्ही नंतर केला, तर त्यांनी साधं आणि स्पष्ट कळवलं की ते एजंटमार्फत कुणालाही घेत नाहीत आणि कुणाकडून पैसेही घेत नाहीत.

रात्री झोप उडवतो तो क्षण वेगळाच. १,४२,००० भरायची वेळ आली तेव्हा त्याने क्यूआर कोड पुढे केला. यूपीआयने सहसा दिवसाला लाखाच्या वर जात नाही, म्हणून ‘आज एक लाख टाका, उरलेले उद्या’ म्हणाला. यांनी स्कॅन केलं. स्क्रीनवर कन्सल्टन्सीचं नाव यायला हवं होतं, आलं मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या कुठल्यातरी दुकानाचं. यांचा अंगठा थांबला. ‘हे कुणाचं खातं?’ असं विचारलंही. तो डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, ‘आमचं करंट अकाउंट ऑडिटमध्ये अडकलंय काका, हे पार्टनरचं आहे. आज नाही केलं तर सीट दुसऱ्याला जाईल.’ लेक शेजारीच बसलेली. तिचा चेहरा बघून कुठला बाप पिन टाकायचा थांबला असता? तिथेच उठून यायला हवं होतं. नाव जुळलं नाही तर एक रुपयाही टाकू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

बदल्यात सोनेरी किनारीचा, उठावदार शिक्क्याचा जाडजूड कागद मिळाला. आता कळतंय की सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप असा कागद नसतोच. ती ऑनलाइन नोंद असते आणि तिचा एक नंबर असतो. ती देणाऱ्या संस्थेकडे ब्रिटिश सरकारचं स्पॉन्सर लायसन्स लागतं आणि त्या संस्थांची यादी सरकारी साइटवर कुणालाही उघडता येते. आम्हाला तर महिन्याला स्टायपेंड कबूल केला होता. चॅरिटी वर्कर व्हिसावर पगार घेताच येत नाही, फार तर येण्याजाण्यासारखा खर्च मिळतो. आणि हेल्थ सरचार्ज व्हिसाच्या अर्जातच ऑनलाइन भरतात, तोही सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर. म्हणजे जी फी एजंटला द्यायचीच नसते, तिचे ९६,५०० रुपये घेतले!

मग ऑफिसला कुलूप आणि फोन बंद. यापुढची दगदग फसवणुकीपेक्षा कमी नव्हती. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकलात’ एवढंच उत्तर, फॉर्म घेतानाही उपकार केल्यासारखा चेहरा. ठाण्यातल्या पोलिसांनी सांगितलं, ऑफिस वाशीत आहे, तिकडे जा. वाशीत म्हणाले, पैसे तर ठाण्यातून गेलेत ना? ट्रान्स हार्बरच्या लोकलमधून आम्ही फाइल घेऊन चेंडूसारखे इकडून तिकडे. एक साहेब म्हणाले, ‘काम झालं नाही म्हणजे लगेच फसवणूक होत नाही, हा सिव्हिल मॅटर आहे.’ खोटं ऑफर लेटर, खोटं सर्टिफिकेट समोर ठेवलेलं असताना! दुसऱ्यांनी माझ्यासमोर लेकीला विचारलं, ‘एवढं शिकून कळलं नाही का?’ तिची मान खाली गेली ती घरी येईपर्यंत वर झाली नाही. चोराला शोधायचं सोडून पोरीला बोलायचा अधिकार यांना कुणी दिला? परदेशी नोकरीच्या एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्यात गेलो, तर इंटर्नशिप ही नोकरी नाही म्हणून हात वर.

हद्दीचं कारण चालत नाही, हे आम्हाला एका वकीलबाईंनी सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदवता येते. त्यालाच झीरो एफआयआर म्हणतात. नाही घेतली, तर त्याच कलमाखाली वरिष्ठांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवायची, आणि तरीही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

आमची तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे गेली आहे. वाशी स्टेशनजवळच्या त्या ऑफिसात आम्ही बसलो होतो तेव्हा बाहेर आणखी मुलं-मुली आईवडिलांबरोबर रांगेत होती. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि यूटीआर नंबर (व्यवहार क्रमांक) जपून ठेवा आणि लाज न बाळगता तक्रार द्या. एकट्याची तक्रार ते फाइलखाली दाबतात. दहा जणांच्या आल्या तर दाबणं अवघड जाईल.