वर्किंग स्पॅनियलचं सामान: काही महिने वापरल्यावर काय टिकलं, काय अडगळीत गेलं

वर्किंग लाइनचा, म्हणजे शिकारीच्या कामासाठी पैदास केलेल्या वंशाचा, कॉकर किंवा स्प्रिंगर स्पॅनियल घरात आला की पहिली खरेदी बहुतेक ठिकाणी एकाच विचाराने होते: याच्या अंगात दम फार, तेव्हा याला पळवून दमवायला हवं. मग चेंडू लांब फेकायचं प्लास्टिकचं दांडकं येतं, ओढाओढीच्या दोऱ्या येतात, चीं-चीं करणारी खेळणी येतात. काही महिन्यांत हिशेब उलटा पडतो. रोज तासभर पळवलेल्या कुत्र्याचा दमसास वाढतो आणि त्याला उद्या सव्वा तास लागतो. शरीर कमावलेलं आणि डोकं मात्र तापलेलंच. त्यामुळे खालच्या प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे: हिच्यामुळे कुत्रा थांबायला, वाट बघायला आणि नाक वापरायला शिकतो का?

शिट्टी. आत गोळी नसलेली, प्लास्टिकची, ठरावीक नंबरची. अ‍ॅक्मे कंपनीची २१०.५ ही स्पॅनियलवाल्यांची नेहमीची, लॅब्रेडॉरवाले बहुधा २११.५ वापरतात. नंबराला महत्त्व आहे ते स्वरासाठी. त्याच नंबराची दुसरी शिट्टी घेतली की स्वर तोच येतो, हरवली म्हणून कुत्र्याला नव्याने शिकवावं लागत नाही. आतली गोळी लाळेने किंवा थंडीने अडकण्याचा प्रश्नही येत नाही. एक गळ्यात, एक गाडीत, असं ठेवावं.

खुणा तीनच. एक लांब फुंक म्हणजे आहेस तिथे बस. भराभर तीन-चार लहान फुंका म्हणजे माझ्याकडे ये. दोन लहान म्हणजे वळ. ‘बस’ची सुरुवात जेवणाच्या भांड्यापासून होते: हात वर, तोंडाने ‘बस’, बूड टेकलं की भांडं खाली. हे पक्कं झालं की आधी शिट्टी, अर्धा सेकंद थांबून मग शब्द. क्रम महत्त्वाचा, शब्द आधी म्हटला तर कुत्रा शब्दावरच बसतो आणि शिट्टी त्याच्या लेखी नुसता आवाज राहते. मग अंतर वाढवायचं, एक मीटर, पाच, पंधरा. धावत्या कुत्र्याला बसवणं सगळ्यात शेवटी.

बिघडतं ते दोन ठिकाणी. कुत्रा बसला नाही की लोक पुन्हा फुंकतात, मग आणखी जोरात. त्यातून कुत्रा शिकतो की पहिली शिट्टी ऐच्छिक असते. एकदाच फुंकावी, नाही बसला तर चालत जाऊन तो जिथे असायला हवा होता तिथे आणून बसवावा. आणि जवळून हळू फुंकावी. जोर राखून ठेवला तर तो वाऱ्यात आणि लांबवर कामी येतो. ‘ये’च्या शिट्टीचा वेगळाच घोळ: फिरणं संपवतानाच वाजवली तर ती मजा बंद झाल्याची घंटा ठरते. एका फेरीत दहादा बोलवावं, नऊदा लगेच पुन्हा सोडावं.

शिट्टी कधी वाजवायची हे मात्र शेपटीकडे बघून कळतं. गवतात शोधत असताना शेपटी मोठ्या, सैल फेऱ्यात हलते. वास लागला की फेरा लहान होतो, वेग दुप्पट होतो, नाक खाली खुपसलं जातं, मागचे पाय आखडतात. त्यानंतर सुमारे सेकंदभर कुत्रा अजून ऐकू शकतो. पक्षी उडाला किंवा ससा निघाला आणि कुत्रा चार उड्या मागे गेला की नवशिक्या कुत्र्यावर फुंकलेली प्रत्येक शिट्टी वाया जाते, शिवाय शिट्टीची किंमतही उतरवते. तेव्हा गप्प राहावं आणि पुढच्या वेळी शेपटीवर नजर ठेवावी.

स्लिप लीड, म्हणजे गळपट्टा आणि दोरी एकत्र असलेली फासाची दोरी. आठ-नऊ मिलिमीटर जाडीची, दीड मीटर लांबीची, फास ठरावीक मापावर धरून ठेवणारा चामड्याचा स्टॉपर असलेली. कुत्रा डावीकडे चालत असेल तर समोरून बघताना फास इंग्रजी ‘पी’ अक्षरासारखा दिसला पाहिजे. उलटा घातला तर ओढ सुटल्यावरही दोरी सैल होत नाही. स्टॉपर कानांच्या मागे, मानेच्या वरच्या भागात बसेल इतपत आणावा. तो सैल राहिला तर कुत्रा डोकं खाली घालून मागे सरकतो आणि मोकळा होतो. नायलॉनची दोरी ओढली की हात भाजतो, सुती दोरी भिजून जड होते. वेणीची मऊ दोरी सगळ्यात बरी. वापरून वापरून स्टॉपरचं चामडं ढिलं पडतं आणि तो आपोआप घसरू लागतो, तेव्हा दोरी बदलावी. या दोरीने कुत्र्याला बांधून ठेवून निघून जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

लांब दोरी. दहा मीटर, तेरा मिलिमीटर रुंद, प्लास्टिकचा थर दिलेली पट्टी. कापडी पट्टी चिखल पिते आणि वाळायला दिवस घेते. शेवटी मूठ नसलेलीच घ्यावी, कारण मूठ झाडाच्या मुळांत आणि झुडपांत अडकते. ही कायम हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची. दहा मीटर सुसाट धावलेल्या कुत्र्याचा झटका गळपट्ट्यावर आला तर मानेला इजा होते. टोकापासून दोन मीटरवर एक गाठ मारावी, म्हणजे हातातून सरकताना गाठ लागली की दोरी संपत आल्याचं न बघता कळतं. हातमोजे हवेतच. दाट झुडपात वापरू नये.

या दोरीकडून अपेक्षा मात्र माफक ठेवावी. ती काही शिकवत नाही, पाठलागाची चटक लागू देत नाही एवढंच. आणि कुत्रे फार लवकर ओळखतात की पाठीवर वजन आहे तोवर शहाण्यासारखं वागायचं. म्हणून एकदम काढून टाकू नये. कापून पाच मीटर करावी, मग तीन, मग मीटरभर. शेवटचा तुकडा काही आठवडे नुसता लोंबत राहू द्यावा.

डमी, म्हणजे शिकारीच्या जागी फेकून कुत्र्याकडून आणवायची भरीव गुंडाळी. जाड कापडाची, पिल्लाला आणि लहान कॉकरला साधारण २२५ ग्रॅमची, मोठ्या कुत्र्याला ४५० ग्रॅमची. शिवण टोकाला, दोरी जिथे जोडलेली असते तिथे आधी उसवते. पाण्यातून आणलेली डमी तशीच पिशवीत कोंबली की आतल्या भरावाला कुबट वास धरतो. सशाच्या कातड्याची डमी सुरुवातीला अजिबात नको. तरुण कुत्रा ती घेऊन फिरतो, चावतो, फाडतो. साधी डमी हातात नीट देऊ लागल्यावर तिची पाळी.

डमीचा नियम असा की चार फेकल्या तर तीन आपण जाऊन उचलायच्या, एकच कुत्र्याला द्यायची. पहिल्यांदा हे ऐकून लोकांना कुत्र्याची दया येते. पण बसून तीन डमी उडताना पाहणं आणि जागा न सोडणं, हेच तर त्याला शिकायचं आहे. प्रत्येक फेकलेली वस्तू आपलीच, असं त्याच्या डोक्यात बसलं की उडणारा प्रत्येक पक्षीही त्याचाच होतो. चेंडूचं दांडकं याच कारणासाठी अडगळीत टाकण्यासारखं आहे. ते शेकडो वेळा डोळ्याने पाठलाग शिकवतं, नाकाला काम देत नाही, आणि भरधाव वेगात अचानक वळण्या-थांबण्याचा ताण सांध्यांवर टाकतं तो वेगळाच.

आणलेली वस्तू हातात न देता गोल गोल फिरवणारा स्पॅनियल हे नेहमीचं दुखणं आहे. त्याच्या मागे धावलं की तो खेळ होतो. वळून उलट दिशेला चालावं, गुडघ्यावर बसावं, आणि तो जवळ आला की डमीला हात न लावता आधी छाती खाजवावी. डमी तोंडातच राहू द्यावी, पाच-सहा सेकंदांनी घ्यावी. लगेच हिसकावली तर पुढच्या वेळी तो दोन मीटर लांबच थांबेल. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात पडत असतात, त्या काळात डमी बाजूला ठेवावी. हिरड्या दुखतात म्हणून टाकून द्यायची सवय लागते, आणि लोक ती हट्ट समजतात.

आता खरी कामाची वस्तू. साठ बाय साठ सेंटिमीटरचा लाकडी पाट, दहा-बारा सेंटिमीटर उंच, वर न घसरणारं रबर. घरीच ठोकून घेता येतो. स्पॅनियलला ‘जागेवर राहा’ ही कल्पना समजायला कठीण जाते. चार पाय पाटावर, ही गोष्ट लगेच कळते. पाटावर चढला की खाऊ पुढच्या दोन पायांच्या मध्ये ठेवायचा, हातातून वर धरून नाही, नाहीतर तो उड्या मारतो. मग एक पाऊल मागे जायचं आणि परत येऊन खाऊ द्यायचा. मग पाच पावलं, मग पाठ फिरवून, मग चेंडू हातातून खाली पाडून. पहिले काही आठवडे त्याला पाटावरून हाक मारून बोलवू नये. आपणच परत जाऊन सोडायचा शब्द द्यावा. हाकेवर सोडलं की तो हाकेची वाट बघत काठावर ताटकळतो, शांत होत नाही. हाच पाट घरात दारापाशी ठेवला की पाहुणे आल्यावरचा गोंधळ निम्मा होतो.

क्रेट, म्हणजे झोपायचा पिंजरा, कॉकरला साधारण ७६ सेंटिमीटर, स्प्रिंगरला ९१ सेंटिमीटर लांबीचा. शिक्षा म्हणून नव्हे, झोपेसाठी. लहान पिल्लाला दिवसरात्र मिळून अठरा तासांच्या आसपास झोप लागते आणि स्पॅनियल पिल्लू ती आपणहून घेत नाही. संध्याकाळी घोटे चावणारं, सोफ्यावरून उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा झोपेला आलेलं असतं. त्याला आणखी फिरवणं म्हणजे आगीत तेल. लेझरचा ठिपका भिंतीवर नाचवणं तर कधीच नको. सावल्या आणि कवडसे पकडत बसण्याचं वेड या कुत्र्यांना चटकन लागतं आणि सुटत मात्र नाही.

दमवायचंच असेल तर नाकाला दमवावं. मूठभर रोजचं खाणं उंच गवतात विखरून पंधरा मिनिटं शोधू देणं पुष्कळ काम करतं. पुढची पायरी क्वार्टरिंग, म्हणजे आपल्यासमोर डावी-उजवीकडे नागमोडी शोधत जाणं. वारा समोरून तोंडावर येईल अशी दिशा धरायची आणि आपण स्वतः नागमोडी चालायचं. दोन्ही बाजूंना दहा-बारा मीटरवर आधीच टेनिसचे चेंडू लपवून ठेवायचे. कुत्रा एका कडेला पोहोचला की दोन लहान फुंका आणि आपण विरुद्ध दिशेला वळायचं. स्पॅनियलचं काम बंदुकीच्या टप्प्यात शोधून पक्षी उडवणं, म्हणून ही पट्टी अरुंदच राहिली पाहिजे. बंदूक कधी हातात धरायची नसली तरी जवळ शोधणारा कुत्राच ताब्यात राहतो. वारा पाठीवर असेल तर कुत्रा सरळ पुढे निघून जातो आणि वास घेत आपल्याकडे परत येतो. ती त्याची चूक नाही, रागवू नये. वारा बाजूचा असला की नागमोडही तिरकी होते. चेंडू दरवेळी कडेलाच सापडले तर कुत्रा मधला भाग सोडून देतो, म्हणून काही पायाशीही टाकावेत.

विजेचा झटका देणारा पट्टा या यादीत नाही. वेल्समध्ये तो २०१० पासून बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी स्पॅनियल मनाने हळवा असतो. पक्षी उडताना झटका बसला तर तो धावणं सोडत नाही, पक्षीच टाळू लागतो. मग ते दुरुस्त करण्यात वर्ष जातं.

राहिली देखभाल. कानाच्या आतल्या बाजूचे आणि खालचे केस बारीक कापलेले हवेत, पोहून आल्यावर कान कोरडे करायचे. लोंबत्या, ओल्या कानात संसर्ग लवकर होतो. कुसळांच्या दिवसांत प्रत्येक फेरीनंतर बोटांच्या बेचक्यात, काखेत आणि कानाच्या तोंडाशी हात फिरवावा. कुसळाला उलटे काटे असतात, ते पुढेच सरकतं. एका बाजूला डोकं झुकवून झटकणं, सलग शिंका, किंवा बोटांमध्ये अचानक आलेली गाठ दिसली की त्याच दिवशी डॉक्टर.

थंड पाण्यात भरपूर पोहल्यावर दुसऱ्या दिवशी शेपटी मुळापाशी आडवी आणि पुढे लुळी लोंबत असेल तर बहुधा ती मोडलेली नसते. शेपटीचे स्नायू दुखावलेले असतात, विश्रांती आणि डॉक्टरने दिलेलं वेदनाशामक यांवर काही दिवसांत उतरतं. उन्हाचं प्रकरण जास्त गंभीर. हे कुत्रे दमले म्हणून आपणहून थांबत नाहीत. जीभ रुंद होऊन बाहेर आली, चाल डगमगली, की काम तिथेच बंद, अंगभर गार पाणी ओतायचं आणि वाऱ्यात ठेवायचं. आधी गार करायचं, मग दवाखान्याकडे निघायचं.

पिल्लू अजून घ्यायचंच असेल तर आई-वडिलांच्या जनुकीय तपासण्यांचे कागद मागावेत. कॉकरमध्ये दृष्टी घालवणारा डोळ्यांचा आजार पीआरए, मूत्रपिंडाचा आजार एफएन आणि पंजे स्वतःच कुरतडायला लावणारा एएमएस. स्प्रिंगरमध्ये मज्जासंस्थेचा आजार फ्युकोसिडोसिस आणि एका एन्झाइमच्या कमतरतेचा आजार पीएफके. यातला पीएफके कामाच्या कुत्र्यात फसवा ठरतो. एरवी कुत्रा ठीक दिसतो आणि जोरकस धावपळीनंतर किंवा उन्हात एकदम गळून जातो. अशा वेळी लघवी गडद, कॉफीच्या रंगाची झाली असेल तर तो आळस नाही. सराव थांबवून तपासणी करून घ्यावी.